चार कॉइल, चार प्लग आणि एक घाट

६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र पाहून म्हणाल, वहिनीला आज बरी आठवण झाली. आठवण रोजच होते हो, पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इकडून ओरडायचं, तुम्ही तिकडून “काय? काय?” करायचं, आणि सगळं नीट ऐकू जायचं ते शेजारच्यांना. स्पेअर पार्टच्या दुकानात, मागच्या वर्कशॉपच्या खडखडाटात तुम्ही उभं आयुष्य काढलंत, त्यात कान गेले. पण त्या काउंटरवर जे शिकलात ते काही गेलं नसेल. मला तेच हवंय.

ह्यांची गाडी आजारी आहे. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालते, चढ लागला की उचक्या द्यायला लागते. पाय जितका दाबावा तितकी जास्त. काट्यांच्या शेजारी इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा आहे, तोही लुकलुकायला लागतो. काल पाण्याच्या टाकीच्या चढावर तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतली तरी तेच. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाला, “मिसिंग आहे, बाई, इंजिन मधेमधे चुकतंय. कॉइल-प्लग बदलून बघता येतील, पण मला विचाराल तर इंजिनच संपलंय. मरायला टेकलेल्याला औषध कशाला?” मी जन्मभर नर्सचं काम केलं हे ठाऊक असून माझ्यासमोर असं बोलला. मी ते लक्षात ठेवलं.

भाऊजींनी गिऱ्हाईक बघून ठेवलंय. तुमचे धाकटे बंधू म्हणजे काय विचारता! हे गेल्यापासून वरच्या मजल्यावरून येताजाता माझ्यावर नजर. पिशवी उचलली की “वहिनी, तुम्ही कशाला?”, दिवा बदलायला स्टुलावर चढले की “वहिनी, तुम्ही कशाला?” जीव लावतात, तक्रार नाही. पण मला हल्ली शिंकतानासुद्धा त्यांची परवानगी घ्यावीशी वाटते.

तर विचारायचं असं, की गाडी विकायचीच आहे तर धडधाकट करून विकावी. कॉइल आणि प्लग म्हणजे नेमकं काय? कुठले घ्यावेत? एकच बदलावा की सगळे? सविस्तर लिहा.

तुमची,
वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. “विकायचीच आहे” हे शब्द तिसऱ्यांदा वाचवेनात.

विचारलं आहेस म्हणून सांगते. तुमच्या इंजिनात चार घरं आहेत, त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येक घरात पेट्रोल आणि हवा दाबली जाते आणि प्लग ठिणगी टाकून ती पेटवतो. प्लगच्या डोक्यावर कॉइल बसते. बॅटरीचा एवढासा करंट घेऊन त्याचा जबरदस्त झटका करणं हे तिचं काम. प्लग म्हातारा झाला की त्याच्या टोकाशी असलेली फट झिजून वाढते. फट वाढली की ठिणगीला लांब उडी मारावी लागते, आणि तो सगळा जाच कॉइलला होतो. मग तीही थकते. सपाटीवर हे खपून जातं. चढावर पाय दाबलास की घरात हवा गच्च भरते. माणसांनी भरलेल्या खोलीत हाक मारायला जास्त जोर लागतो ना, तसा ठिणगीलाही लागतो. थकलेली कॉइल तिथे हात टेकते, घर पेटत नाही, आणि गाडी उचकी देते.

कुठली कॉइल गेली ते शोधायला पंडित लागत नाही. गॅरेजवाल्याकडे गाडीला जोडायचं यंत्र असेल, ते सांगेल कुठलं घर चुकतंय. इंजिन थंड असताना त्या घराची कॉइल काढून दुसऱ्या घरावर लाव, तिथली इकडे आण. परत यंत्र जोड. रोग त्याच घरात राहिला तर कॉइल निर्दोष, प्लग बघ. रोग कॉइलबरोबर नव्या घरी गेला तर कॉइल गुन्हेगार.

एक बदलावी की चार, ते गाडीकडून काय काम घ्यायचंय त्यावर ठरतं. घेणारा सपाटीवर दोन फेऱ्या मारून बघणार. त्याला फसवायचं नसेल तरी तेवढ्यापुरती एक चालू कॉइल पुरे. कुठूनही मिळव, लाव, आणि दे पाठवून. दादाने ती गाडी पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती, आता कुणीतरी दुसरं सांभाळेल. मी कोण बोलणारी? मला तर नुसतं कॉइल-प्लगचं विचारलंय.

वन्सं


२१ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र वाचून आधी तुमचा मनसोक्त राग आला. तो ओसरल्यावर मी हातात पाना घेतला.

भाऊजी कामावर गेले होते. बॉनेट उघडलं, वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं, आणि खाली चौघीजणी ओळीने उभ्या. गॅरेजवाल्याच्या यंत्राने दुसऱ्या घराकडे बोट दाखवलं होतं. तिची वायरची खुट्टी दाबून सोडवली, एक बोल्ट काढला, आणि हलकेच पिळत वर ओढली. ती अशी निघाली जशी सलाइनची सुई निघते, काही त्रास न देता. चौथीशी तिची अदलाबदल केली. गाडी तशीच गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला कपाळाला आठ्या घालून यंत्र जोडायला तयार झाला, आणि यंत्र म्हणालं, चौथं घर! रोग कॉइलबरोबर चालत गेला होता, वन्सं! मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की त्याच्या हातातला चहाचा कप हिंदकळला.

इथपर्यंत सगळं छान. पुढचं वाचून हसू नका.

घरी येऊन ह्यांच्या पार्टच्या कपाटात हात घातला, तर कोऱ्या कॉइलचे दोन डबे! चांगल्या कंपनीचे, स्वच्छ, आत मऊ कापडात गुंडाळलेल्या. मला भरून आलं. म्हटलं, जाताना माझी सोय करून गेले. एक काढून चौथ्यावर लावली. गाडी पहिल्यापेक्षा वाईट. ती काढून दुसरी लावली, तर आता उभ्या जागी थरथरायला लागली. गॅरेजवाला म्हणाला, “नव्या टाकूनही चालत नाही. मी काय सांगत होतो?” भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुम्ही कशाला?” येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी गिऱ्हाईक येणार आहे.

आणि आता खरं काय ते लिहिते. गाडी मला विकायची नाही. कधीच नव्हती.

आरोग्य खात्याला घाटावरच्या वस्त्यांसाठी एक फिरती नर्स हवी आहे. औषधं, लसी घेऊन वर जायचं, बाळंतिणींना बघायचं, म्हाताऱ्यांची जखम धुवायची. अट एकच, गाडी स्वतःची हवी आणि स्वतः चालवता यायला हवी. मोठ्या डॉक्टरीणबाई शेजारी बसणार, मागे खोकी भरणार, आणि खिंडीपर्यंत गाडी वर न्यायची. हीच परीक्षा, नऊ मार्चला. गाडी अडली तर काम दुसऱ्या बाईंना, त्यांची गाडी नवी कोरी आहे.

मी गाडी शिकले, वन्सं. भाऊजींना सांगितलं, गुडघ्याच्या व्यायामाला जाते. क्लच दाबून तोही झालाच म्हणा. लायसन्स माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी हरले तर ते तुम्हाला कळायला नको होतं. ह्यांच्या आजारपणात नोकरी सोडली, तेव्हापासून मी या घरात नुसती बसलेय. सगळे चांगले वागतात, आणि त्या चांगुलपणाखाली माझा श्वास कोंडतो. मला परत कामावर जायचंय. एवढीच एक वाट दिसते, आणि ती चढाची आहे. आता सांगा, मी काय करू?

तुमची,
वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी गं!

आधी मला हसून घेऊ दे. हसू नका म्हणालीस म्हणून जास्तच आलं.

अगं बाई, आमच्या घराण्याची खोड तुला इतक्या वर्षांत कळली नाही? आमच्याकडे जुनी वस्तू टाकत नाहीत. नवी आली की नवीच्या डब्यात जुनी घालून ठेवतात! बाबांनी घरभर बल्बची खोकी जपली होती, प्रत्येकात एक गेलेला बल्ब. आईच्या नव्या चष्म्याच्या केसमध्ये फुटका चष्मा. तुझ्या स्वयंपाकघरात मिक्सरचं खोकं असेल माळ्यावर, उघडून बघ, आत जुना मिक्सर निघेल. दादाने कधीतरी दोन कॉइल बदलल्या, आणि काढलेल्या दोन्ही मेलेल्या कॉइल मायेने पुसून, कापडात गुंडाळून डब्यात झोपवल्या. त्या तू उठवून कामाला लावल्यास! इंजिन ठणठणीत आहे. थरथरणार नाही तर काय करेल?

आता तुझं पहिलं पत्र परत काढून वाचलं. “तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतली.” कुणी घेतली? तूच! मी “विकायची” या एका शब्दाला अडून बसले आणि सरळ लिहिलेलं मला दिसलं नाही. कान गेलेत म्हणते मी, डोळेही तपासून घ्यायला हवेत. वहिनी, मला इतका आनंद झालाय की सकाळपासून घरातली भांडी उगाच घासतेय.

कामाचं ऐक. पार्सल पाठवण्यात वेळ जाईल, तू तिथेच घे. आणि आता जुनं उत्तर विसर. घाटावर एकटीने जाणार असशील तर चारही कॉइल नव्या आणि चारही प्लग नवे. जुन्या प्लगवर नवी कॉइल लावलीस तर तो तिलाही दमवून मारेल. आणि एक कॉइल नवी, बाकीच्या जुन्या ठेवल्यास तर त्या एकेक करून जातील, आणि जातील त्या बरोबर अडचणीच्या वळणावर.

प्लगचा नंबर गाडीच्या पुस्तकातून घे. निघालेल्या प्लगवरून घेऊ नकोस, आधीच्या मेकॅनिकने काय बसवलं असेल सांगता येत नाही. पुस्तकात इरिडियम धातूच्या टोकाचे सांगितले असतील तर तेच, साधे सांगितले असतील तर साधे. नंबर म्हणजे प्लग किती उष्णता धरतो त्याचं माप आहे. चुकला तर एक तर प्लग काजळतो, नाही तर तापून इंजिनाला मारतो. काउंटरवरचा माणूस तुला महागातला, चकचकीत काहीतरी दाखवेल. मी स्वतः ते करत आलेय, मला शिकवू नकोस. कॉइल घेताना जुनी बरोबर ने. अंगावर कोरलेला नंबर जुळव, खुट्टीचा आकार जुळव, हातात तोलून बघ. नकली माल हलका लागतो. डबा काय म्हणतो त्यावर जाऊ नकोस. आपल्या घराण्यात तर मुळीच नाही!

प्लग आधी हाताने फिरव, अगदी पूर्ण बसेपर्यंत, मग पान्याने थोडाच आवळ. पहिल्या आट्यापासून पाना लावलास आणि आटे गेले तर मात्र खरंच इंजिन गेलं. आणि एखादा प्लग हातातून पडला तर तो लावू नकोस. टोक दबतं.

धाकट्याने मला पूर्वीच पत्र टाकलं होतं, वहिनीला समजाव, गाडी जाऊ दे. मी बरं म्हटलं होतं. आज त्याला दुसरं पत्र टाकलंय. त्याने ते तुला दाखवलं नाही तर मागू नकोस, भाषा जरा वर्कशॉपची आहे.

तुझी,
वन्सं


४ मार्च

प्रिय वन्सं,

मिक्सरच्या खोक्यात जुना मिक्सर निघाला. इस्त्रीच्या खोक्यात जुनी इस्त्री. मी माळ्यावर बसून एकटीच खूप हसले, आणि मग थोडी रडलेही. हे त्या मेलेल्या कॉइल कापडात गुंडाळत असतील ते डोळ्यांसमोर आलं.

मग उठले आणि बाजारात गेले. दुकान म्हणजे एक लांबट बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. काउंटरवरचा माणूस आधी माझ्या मागे बघायला लागला. “मिस्टर आले नाहीत?” मी म्हटलं, “ते येणार नाहीत. मला चार कॉइल आणि चार प्लग हवेत. हा नंबर.” त्याने कागदाकडे बघितलंच नाही. एक लाल चकचकीत डबा पुढे सरकवला. “हे घ्या. रेसिंगचे आहेत. गाडी उडेल तुमची.” मी म्हटलं, “मला उडवायची नाही हो, चढवायची आहे. पुस्तकात इरिडियमचा हा नंबर आहे, तोच द्या.” तो म्हणाला, “त्याच्या शेजारचा नंबरही चालतो.” मी म्हटलं, “शेजारच्याची गोळी तुम्ही घेता का?” तिथे बसलेले सगळे हसले, आणि मागून बरोबर नंबर आला.

कॉइलची तर खरी मजा. त्याने चार डबे ठेवले. मी चारही उघडले. तो म्हणाला, “बाई, सील फोडू नका.” मी म्हटलं, “आमच्या घराण्यात डबा उघडल्याशिवाय काही घेत नाहीत.” तिघींचा नंबर जुन्या कॉइलशी जुळला. चौथी हातात घेतली तर हलकी लागली, आणि अंगावरचा शेवटचा आकडाही वेगळा. दाखवला. त्याने चष्मा लावला, डबा बघितला, कॉइल बघितली, परत डबा बघितला, आणि मुकाट्याने आत जाऊन दुसरी घेऊन आला. मी निघताना म्हणाला, “तुमचं कुठे दुकान आहे का?” मी म्हटलं, “आमच्या नणंदेचं तोंड आहे.”

बसवताना सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. जुने प्लग निघाले ते तीन एका नंबरचे, एक निराळाच. तिघे सख्खे आणि एक सावत्र! टोकं झिजून बोथट झालेली. मुळात दुसऱ्या घरात असलेल्या त्या गुन्हेगार कॉइलच्या रबरी नळीवर केसासारखी करडी रेघ होती, ठिणगी तिथूनच बाजूला पळत असणार. नवे प्लग बोटांनी फिरवत फिरवत आत घातले. एकही पडला नाही. शेवटची कॉइल खट्ट करून बसली.

किल्ली फिरवली. वन्सं, आवाजच नाही! मला वाटलं सुरूच झाली नाही म्हणून मी परत किल्ली फिरवायला गेले, तर काटा हलत होता. मी तिथेच स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

तेवढ्यात जिन्यावरून भाऊजी उतरले, मागे त्यांचं गिऱ्हाईक, ठरल्याआधीच आलेलं. तो खूश होऊन म्हणाला, “वा, बरी झाली वाटतं! चक्कर मारून बघू?” मी म्हटलं, “बसा. मीच चालवते.” पाण्याच्या टाकीचा चढ चौथ्या गिअरमध्ये चढून गेले, त्याला खाली आणलं, आणि दारात उतरवून सांगितलं की गाडी विकायची नाही. भाऊजी पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी अजून दाराची कडी घट्ट धरलेली होती. ती सोडत म्हणाले, “गुडघ्याचा व्यायाम?” मी म्हटलं, “हो.” मग त्यांनी खिशातून तुमचं पत्र काढलं, परत खिशात ठेवलं, आणि वर निघून गेले. काय लिहिलं होतंत हो?

पण टाकीचा चढ म्हणजे घाट नव्हे. भरलेली गाडी घेऊन मी अजून एकदाही वर गेलेली नाही. जीव धास्तावलेला आहे.

तुमची,
वहिनी


८ मार्च

वहिनी,

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. “आमच्या नणंदेचं तोंड आहे” हे मी इथल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या जुन्या दुकानाचे मालक म्हणाले, या बाईंना काउंटरवर बसवा.

गाडीची मला रतीभर काळजी नाही. ठिणगी पडणार म्हणजे पडणारच. तूच घाबरून पाय काढू नकोस, एवढंच बघ. चढावर गाडीला दम लागतो तो चालवणाऱ्याने पाय मागे घेतला की. दाबून धर आणि समोर बघ.

धाकट्याचं उत्तर आलंय. एकच ओळ लिहिलीय, “ताई, वहिनी माझ्यापेक्षा चांगली चालवते.” तो कागद मी पर्समध्ये जपून ठेवलाय.

उद्या दिवसभर माझं लक्ष कशात लागणार नाही. पत्र टाक, लगेच टाक!

तुझी,
वन्सं


९ मार्च

प्रिय वन्सं,

चढली! चढली, चढली, चढली!

आता नीट सांगते. सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, उंच, कमी बोलणाऱ्या, हातात फळी आणि तिच्यावर कागद. मागच्या सीटवर त्यांचे मदतनीस. डिकीत औषधांची खोकी, सीटवर खोकी, पायाशी खोकी. तरी बाई म्हणाल्या, “अजून एक माणूस हवा. घाटात कधी पेशंट खाली आणावा लागतो, तेवढं वजन गाडीला झेपायला हवं.” मी इकडेतिकडे बघतेय, तर भाऊजी पुढे आले. म्हणाले, “मी बसतो. वजन म्हणून.” दोन खोक्यांच्या मध्ये अंग चोरून बसले, आणि एक खोकं मांडीवर घेतलं.

घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं वळण. मी कान इंजिनाकडे लावून बसले होते, उचकी आता येईल, मग येईल. भाऊजी मागून मान लांब करून त्या पिवळ्या दिव्याकडे बघत होते, आणि प्रत्येक वळणाला ओरडत होते, “दिवा नाही, वहिनी! दिवा नाही!” शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “हे कुठल्या दिव्याबद्दल बोलतायत?” मी म्हटलं, “नसलेल्या.”

सगळ्यात उभ्या चढावर, जिथे एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा आहे, तिथे दगडांनी भरलेला एक ट्रक बंद पडून उभा. त्याच्या बाजूने जायला जागा होती, पण समोरून गाड्या येत होत्या. मला थांबावं लागलं. भरली गाडी, उभा चढ, आणि मागे एक बस येऊन अगदी चिकटली. बाईंनी कागदावरून पेन उचललं आणि माझ्या पायांकडे बघायला लागल्या. भाऊजींनी मांडीवरचं खोकं छातीशी धरलं.

समोरचा रस्ता मोकळा झाला. मी हँडब्रेक ओढलेलाच ठेवून क्लच अर्ध्यावर आणला, पाय दाबला, आणि गाडीने नाक वर केलं. ब्रेक सोडला. गाडी बोटभरही मागे गेली नाही, वन्सं! सरळ पुढे निघाली, ट्रकला वळसा घालून वर. चारही घरं पेटत होती, एकसारखी, मला पायाच्या तळव्यात ती जाणवत होती. मी पाय काढला नाही. मागून भाऊजी ओरडले, “अगं, चढली की!” मला आयुष्यात पहिल्यांदा अगं म्हणाले, आणि दोघांच्याही ते नंतर लक्षात आलं.

खिंडीत पोहोचलो. गार वारा होता. बाई उतरल्या, बॉनेटवर हात ठेवून बघितला, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि म्हणाल्या, “ठीक आहे. वळवा गाडी. कळवू तुम्हाला.”

कळवू! हा शब्द मी नोकरीत असताना हजार पेशंटांच्या तोंडावर फेकलेला ऐकलाय. समोर, खिंडीच्या पलीकडे, वस्तीची घरं दिसत होती, कौलांतून धूर निघत होता. डिकीत औषधं होती. माझ्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र होतं. मी म्हटलं, “बाई, एवढं वर आलोय, औषधं बरोबर आहेत, आणि वस्ती समोर आहे. तुम्हाला कळवायचं असेल ते सावकाश कळवा. पण तिथले लोक आज गाडीचा आवाज ऐकून बाहेर येऊन उभे राहिले असतील.” आणि मी गाडीत बसून किल्ली फिरवली. आता वाटतं, केवढं हे धाडस! त्या वेळी तसं काही वाटलं नाही.

बाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग दार उघडून आत बसल्या. भाऊजी खोकं मांडीवर घेऊन मागे.

लोक खरंच बाहेर आले होते. एका भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या. एकीच्या कडेवर तापाने लाल झालेलं मूल, एक म्हातारी पायाला फडकं बांधून पायरीवर बसलेली. त्या म्हातारीने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि विचारलं, “कोण आलंय?”

मी काही बोलायच्या आत डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्या. आपल्या फळीवरचा कागद त्यांनी उलटा करून ठेवला आणि मोठ्याने सांगितलं, “या तुमच्या सिस्टर. आता दर आठवड्याला येतील.”

भाऊजींनी डिकी उघडली. मी बाह्या वर केल्या, म्हातारीच्या पायाशी बसले आणि विचारलं, “किती दिवस झाले दुखतंय, आजी?”

तुमची,
वहिनी